कलम सात, पोटकलम तीन

अधिवेशनाचे दोन आठवडे माझं टेबल
सिव्हिल लाइन्समधल्या एका बराकीत असतं.
मुंबईच्या फायली खोक्यांतून उतरतात.
हीटर एकच, तोही अवर सचिवांच्या पायाशी.
मी शालीत बोटं शेकत
इंग्रजीचं मराठी करते, संध्याकाळी सहाच्या आत.

यंदाचं विधेयक:
आरोग्य व दंत विमा कंपन्यांकडून
राज्याने घ्यावयाच्या शुल्काचे विनियमन.
दर विमाधारकामागे वर्षाला इतके रुपये.
मी आधी 'कर' लिहिलं होतं.
निमजे साहेबांनी लाल शाईने खोडलं.
"कर म्हंजे घेतलं आन् गेलं.
शुल्क म्हंजे, बाई, बदल्यात काही द्या लागते.
कोर्ट ह्याच्यावरच पकडते आपल्याले."
"मग देणार काय?"
ते चष्मा पुसत राहिले.
परिशिष्टात एक तक्रार कक्ष होता,
कार्यालयीन वेळेत.

बाबांचा गोळीबार चौकामागे माग होता.
तुटलेला धागा सांधला की उरलेलं टोक
ते दातानं तोडत.
चाळीस वर्षं, एकाच दातानं.
त्याला खाच पडली, बरोबर धाग्याच्या जाडीची.
लहानपणी मला वाटायचं
सगळ्यांच्याच बापाला ती असते.

कंपनीनं कळवलं होतं:
दंतोपचार, अपघातजन्य नसल्यास, देय नाही.
झीज वगळता.
अर्जात 'अपघाताचा दिनांक' असा रकाना होता.
चाळीस वर्षांतली कुठली तारीख टाकायची
म्हणून मी तो कोराच ठेवला.

तर, कलम सात, पोटकलम तीन.
सोमवारी मी लिहिलं:
'विमाकार असे शुल्क विमाधारकाकडून वसूल करणार नाही.'
मोठ्यानं वाचून पाहिलं.
इतकं सरळ वाक्य
माझ्या टेबलावर क्वचित येतं.
बाजूच्या बोकडे मॅडमनीही मान वर केली.

मंगळवारी सुधारित प्रत आली.
रात्रीत कुणीतरी
मधोमध दोन शब्द बसवले होते. माझं काम
त्यांचं मराठी करणं:
'विहित मर्यादेपलीकडे'
वसूल करणार नाही.
मी ती मर्यादा शोधली.
व्याख्यांत नव्हती, अनुसूचीत नव्हती,
उद्देश व कारणांच्या निवेदनात तर नव्हतीच.
समासात पेन्सिलीनं विचारलं: कोठे विहित?
उत्तर शाईत आलं:
अनुवादकाने अनुवाद करावा.

निमजे साहेब चहा घेऊन आले.
"तू बरोबर इचारलं," म्हणाले.
खोडरबर त्यांनीच पुढे केलं.

विधेयक गुरुवारी संमत झालं.
मी गॅलरीत नव्हते. कागद मोजत होते.

फाल्गुनात बाबांच्या पॉलिसीचं नूतनीकरण आलं.
हप्त्याच्या खाली नवी ओळ:
राज्य शुल्क.
त्याच्या खाली आणखी एक:
राज्य शुल्कावरील सेवा आकार.
शब्द ओळखीचा निघाला.
मीच लाल शाईखाली
सुवाच्य अक्षरात लिहिला होता.

हप्ता भरला. काय करणार?
आणि बाबांना घेऊन गेले मेडिकलच्या आवारात,
दंत महाविद्यालयात.
केसपेपरची रांग, मग बाकावर दीड तास.
एप्रन मापाचा नसलेली एक पोरगी
त्यांना आजोबा म्हणाली,
दोनदा म्हणाली दुखणार नाही,
तिसऱ्यांदा म्हणाली थोडं दुखेल.
आणि तो दात काढला.
पावतीवर छापलं होतं: शुल्क.
मी तो कागद बराच वेळ घडी घालत बसले.

बाबांनी दात मागून घेतला, कापसात.
ऑटोत, अशोक चौकाच्या सिग्नलला,
माझ्या ओढणीच्या काठाचा सुटलेला धागा
त्यांनी उपसला, खाचेत ठेवला.
तोंड बधिर, शब्द बोळक्यातून घरंगळत:
"पाह्य," म्हणाले, "आजून बसते."